पेशी कशावर चालते? मऊ-कडक जेलवर पेशींची चाल मोजण्याची पद्धत

आपण पेशी वाढवतो त्या पॉलिस्टायरीनच्या डिशचा यंग गुणांक (कडकपणाचं माप; जितका जास्त, तितका पदार्थ कडक) साधारण ३ गिगापास्कल असतो. मेंदूच्या ऊतीचा असतो एक किलोपास्कलच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. म्हणजे तिथल्या पेशीला आपण तिच्या मूळ जागेपेक्षा तीस लाख पट कडक जमिनीवर आणून सोडतो, आणि मग ती किती वेगाने चालली याची नोंद वहीत करतो.

रॉबर्ट पेलहॅम आणि यू-ली वांग यांनी १९९७ साली यावर साधा उपाय काढला. प्रथिनं वेगळी करायला प्रयोगशाळेत रोज ओततात ते पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेल त्यांनी काचेवर पातळ थरात घेतलं, वर कोलॅजेन (पेशी धरून राहतात ते ऊतीतलं प्रथिन) चिकटवलं आणि त्यावर पेशी सोडल्या. मऊ जेलवर पेशी कमी पसरल्या, पण त्यांची हालचाल वाढली. हा निष्कर्ष पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. तीन वर्षांनी चुन-मिन लो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मऊ आणि कडक जेलच्या सीमेवर आलेली फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतली) पेशी मऊकडून कडककडे ओलांडून जाते. कडक बाजूने आलेली मात्र सीमेवरून मागे वळते. या प्रकाराला त्यांनी ड्युरोटॅक्सिस हे नाव दिलं.

हा प्रयोग पेशीसंवर्धनाची सोय आणि फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक असलेल्या कुठल्याही विभागात करता येतो. रसायनं फार महाग नाहीत. कस लागतो तो वेगळ्याच ठिकाणी: जेलचा कडकपणा बदलताना त्याबरोबर आणखी काही बदललं नाही, हे दाखवावं लागतं. जेलची छिद्रं, पृष्ठभागावर बसलेलं प्रथिन, थराची जाडी, पेशींची गर्दी या प्रत्येक गोष्टीने चाल बदलते. खालच्या पायऱ्यांमध्ये जिथे मी जास्त रेंगाळलो आहे, तिथे हेच कारण आहे.

सुरुवातीला प्रश्न ठरवा

"कडकपणाचा पेशीच्या चालीवर परिणाम" या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. एकसारख्या कडकपणाच्या जेलवर पेशी किती वेगाने आणि किती सरळ चालते, हा पहिला. दोन कडकपणांमध्ये निवड करायची वेळ आली तर ती कुठे जाते, हा दुसरा. पहिल्यासाठी वेगवेगळी जेलं लागतात, दुसऱ्यासाठी एकाच काचेवर सीमा असलेलं जेल. पहिला प्रयोग नीट बसल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका. सीमेच्या प्रयोगात गोंधळ झाला तर चूक जेलची, प्रथिनाची की मोजणीची, हे ओळखणं अवघड जातं.

काच तयार करणं

जेल नुसत्या काचेला धरत नाही, मीडियात तरंगून वर येतं. म्हणून १८ मिमी व्यासाच्या कव्हरस्लिपवर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घालून त्या साधारण ८० अंशांच्या तव्यावर सुकवा. मग वरच्या बाजूला अमिनोसायलेन (नेहमीच्या भाषेत 'एपीटीईएस') पाच मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. इथे घाई केली तर पुढे फसगत होते, कारण राहिलेलं एपीटीईएस ग्लुटाराल्डिहाइडशी मिळून लालसर-तपकिरी साका तयार करतं आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली चमकतो. धुतल्यानंतर ०.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड अर्धा तास, पुन्हा धुणं, आणि वाळवणं. ग्लुटाराल्डिहाइडचं काम फ्यूम हूडमध्येच करा. कोणती बाजू वर आहे याची खूण पेट्री डिशच्या झाकणावर करून ठेवा, कारण वाळलेल्या काचेच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

एपीटीईएस हवेतल्या ओलाव्याने खराब होतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात उघडलेली बाटली डेसिकेटरमध्येच ठेवा. जेल काचेवरून सुटायला लागली की आधी या बाटलीवर संशय घ्यावा.

जेलवर दाबायची दुसरी काच याच्या उलट, जेलला न चिकटणारी हवी. त्यासाठी डायक्लोरोडायमिथाइलसायलेन वापरतात. गाडीच्या काचेवर पावसाचं पाणी ठरू नये म्हणून लावतात ते द्रव्यही चालतं आणि बऱ्याच प्रयोगशाळा तेच वापरतात.

जेल ओतणं

४० टक्के अ‍ॅक्रिलामाइड आणि २ टक्के बिस-अ‍ॅक्रिलामाइड ही दोन तयार द्रावणं घ्या. पहिल्याचे धागे बनतात, दुसरं ते धागे एकमेकांना जोडतं; खालच्या कंसातले टक्के याच क्रमाने आहेत. १० मिलि मिश्रणासाठी प्रमाण असं:

सुमारे १ किलोपास्कल (३ टक्के आणि ०.१ टक्के): अ‍ॅक्रिलामाइड ०.७५ मिलि, बिस ०.५ मिलि, पाणी ८.७५ मिलि.
सुमारे ८ किलोपास्कल (५ टक्के आणि ०.३ टक्के): १.२५ मिलि, १.५ मिलि, ७.२५ मिलि.
सुमारे ४० किलोपास्कल (८ टक्के आणि ०.४८ टक्के): २ मिलि, २.४ मिलि, ५.६ मिलि.

हे आकडे मनाने निवडलेले नाहीत. अ‍ॅडम एंग्लर आणि डेनिस डिशर यांच्या गटाने २००६ साली मूळपेशींवर जे काम केलं, त्यात मेंदूसारखा मऊ थर ०.१ ते १, स्नायूसारखा ८ ते १७ आणि हाड तयार होण्याआधीच्या कडक ऊतीसारखा २५ ते ४० किलोपास्कल असे पट्टे होते. वरची तीन जेलं या पट्ट्यांमध्ये बसतात.

अ‍ॅक्रिलामाइड घट्ट होण्याआधी मज्जासंस्थेला घातक असतं आणि त्वचेतून आत जातं. हातमोजे घाला, आणि त्यावर थेंब सांडला तर ते लगेच बदला.

मिश्रण व्हॅक्यूमखाली १५-२० मिनिटं ठेवून त्यातली हवा काढा, कारण ऑक्सिजन बहुलकीकरण अडवतो. मग १० टक्के अमोनियम परसल्फेट शंभराव्या भागाइतकं आणि टेमेड हजाराव्या भागाइतकं घाला, म्हणजे १० मिलिला १०० आणि १० मायक्रोलिटर. या दोघांमुळे जेल घट्ट व्हायला लागतं. हलक्या हाताने ढवळा, बुडबुडे नकोत. न चिकटणाऱ्या काचेवर २५ मायक्रोलिटरचा थेंब ठेवून त्यावर कव्हरस्लिप उपडी टेकवा. १८ मिमी वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे २५४ चौरस मिमी, त्यामुळे थर जवळपास १०० मायक्रोमीटर जाडीचा होतो. तो याहून फार पातळ करू नका. मोजके मायक्रोमीटर जाडीच्या मऊ जेलवरून पेशीला खालची काच जाणवते आणि ती कडक पृष्ठभागावर असल्यासारखी वागते.

नळीत उरलेलं मिश्रण टाकून देऊ नका. ते घट्ट झालं की काचेखालचंही झालं असं समजायचं. साधारण अर्धा तास लागतो, मऊ मिश्रणाला थोडा जास्त. मग फॉस्फेट बफर ओतून कव्हरस्लिप सरकवत सोडवा. सरळ उचलली तर पृष्ठभाग फाटतो. एक किलोपास्कलचं जेल खरवसासारखं थरथरतं, चिमट्याचं टोक लागलं तरी खड्डा पडतो. तीनदा बफरने धुवा, म्हणजे न जुळलेलं अ‍ॅक्रिलामाइड निघून जाईल. रात्रभर बफरमध्ये ठेवून जेलला फुगू द्या आणि मगच पुढे जा.

कडकपणा मोजणं

छापील तक्त्यातला आकडा हा दुसऱ्याच्या जेलचा असतो. तुमचं टेमेड किती जुनं आहे, हवा किती निघाली, खोलीचं तापमान किती होतं, या सगळ्यांवर तुमच्या जेलचा कडकपणा ठरतो. अ‍ॅटॉमिक फोर्स सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम. नसेल तर रसायनशास्त्र किंवा पॉलिमर विभागातला ऱ्हिओमीटर मागा. त्यावर मिळणारा कर्तन गुणांक (बाजूने सरकवताना जाणवणारा कडकपणा) तीनाने गुणला की यंग गुणांकाचा चांगला अंदाज येतो, कारण पाण्याने भरलेलं जेल जवळजवळ दाबलं न जाणारं असतं.

तेही नसेल तर पोलादी गोळीची पद्धत आहे, जी २००० सालच्या त्या ड्युरोटॅक्सिसच्या कामातही वापरली होती. एक-दोन मिलिमीटर जाड जेल वेगळं ओता, त्यात फ्लुओरेसन्ट मणी मिसळा, बफरखाली वर छोटी गोळी ठेवा आणि गोळीखालचे मणी किती खाली गेले ते फोकसच्या चाकावरून वाचा. हर्ट्झच्या सूत्राप्रमाणे यंग गुणांक म्हणजे गोळीचं पाण्यातलं वजन गुणिले ३, गुणिले एक वजा प्वासाँ गुणोत्तराचा वर्ग (दाबलं न जाणाऱ्या जेलसाठी हे गुणोत्तर सुमारे ०.५). याला भागायचं ४ ने, खड्ड्याच्या खोलीच्या दीडाव्या घाताने आणि गोळीच्या त्रिज्येच्या वर्गमुळाने. ०.३ मिमी त्रिज्येच्या गोळीचं पाण्यातलं वजन सुमारे ७.५ मायक्रोन्यूटन भरतं. ती १ किलोपास्कलच्या जेलमध्ये जवळपास ४० मायक्रोमीटर रुतते, ८ मध्ये १० आणि ४० मध्ये जेमतेम ३. म्हणजे ही पद्धत मऊ जेलसाठी चांगली आहे, मधल्यासाठी कशीबशी चालते, कडकसाठी निरुपयोगी. हवेतलं ऑब्जेक्टिव्ह वापरत असाल तर चाकावरची खोली सुमारे १.३३ ने गुणायला विसरू नका. प्रकाश पाण्यात वळतो, म्हणून खड्डा आहे त्यापेक्षा उथळ दिसतो.

प्रथिनाचा थर

नुसत्या पॉलिअ‍ॅक्रिलामाइडला पेशी चिकटत नाहीत. हा गुण आपल्या कामाचा आहे, कारण पेशीने जे पकडलं ते आपण लावलेलंच प्रथिन होतं एवढं तरी नक्की राहतं. सल्फो-सॅनपाह (जेल आणि प्रथिन यांना जोडणारं, प्रकाशाने जागं होणारं द्रव्य) ०.२ मिग्रॅ प्रति मिलि या प्रमाणात ८.५ पीएचच्या हेपीस बफरमध्ये ताजं बनवा, जेलवर घाला आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली दहा मिनिटं ठेवा. नारिंगी रंग तपकिरी व्हायला हवा. पेशीसंवर्धनाच्या हूडमधला जंतुनाशक दिवा २५४ नॅनोमीटरचा असतो, तो या कामाचा नाही. सल्फो-सॅनपाह पाण्यात लवकर निकामी होतं, म्हणून कोरड्या डीएमएसओमध्ये छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवतात. जेल धुवून त्यावर ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि कोलॅजेन-१ थंड बफरमध्ये घाला आणि ४ अंशांवर रात्रभर ठेवा.

आता खरी अडचण. तिन्ही जेलांवर सारखंच कोलॅजेन बसलं का? कडक जेलमध्ये बहुलकाचे धागे दाट असतात आणि छिद्रं लहान. २०१२ साली ब्रिटा ट्रॅपमन आणि सहकाऱ्यांनी असा आक्षेप घेतला की मूळपेशी कडकपणाला नव्हे, तर कोलॅजेन किती ठिकाणी बांधलं गेलं आहे त्याला प्रतिसाद देतात. २०१४ मध्ये एंग्लरच्या गटाने छिद्रांचा आकार आणि बांधणी वेगळी पण कडकपणा तोच अशी जेलं करून उत्तर दिलं: पेशींचं वागणं कडकपणानुसारच राहिलं. मला दुसरी बाजू अधिक पटते, पण वाद मिटला म्हणून आपली तपासणी टळत नाही. प्रत्येक खेपेला एकेक जेल बाजूला काढून कोलॅजेनच्या प्रतिपिंडाने रंगवा आणि एकाच एक्स्पोजरवर चमक मोजा. फरक दिसला तर प्रथिनाची तीव्रता बदलून तो जुळवा. हे करायचं कारण असं की चिकटपणाचा वेगावर होणारा परिणाम सरळ रेषेत नसतो. शॉन पॅलेसेक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की फार कमी चिकटणारी पेशी पकड घेऊ शकत नाही, फार घट्ट चिकटणारी मागचा पाय सोडवू शकत नाही, आणि सर्वांत वेगवान चाल मध्ये कुठेतरी असते. कोलॅजेन नकळत दुप्पट झालं तर वेग वाढेल की घटेल हे आधी सांगता येत नाही.

पेशी सोडणं आणि चित्रण

सुरुवात एनआयएच ३टी३ फायब्रोब्लास्टने करा. त्यांच्यावरचं जुनं काम भरपूर आहे, त्यामुळे ताडून पाहता येतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून भारतातल्या संस्थांना पेशी-वाण मिळतात. आल्यावर मायकोप्लाझ्माची (संवर्धनात शिरणाऱ्या अतिसूक्ष्म जीवाणूंची) तपासणी करून घ्या. बाधित पेशी वरकरणी ठीक दिसतात आणि चाल मात्र बिघडलेली असते.

जेल हूडमध्ये अर्धा तास अतिनील प्रकाशात निर्जंतुक करा, ३७ अंशांच्या मीडियात पाऊण तास भिजवा, मग प्रति चौरस सेंमी २,००० ते ३,००० पेशी सोडा. ही संख्या कमी वाटेल, पण शेजारणीला धक्का लागला की पेशी दिशा बदलते आणि आपल्याला एकट्या पेशीची चाल हवी आहे. पेशी चिकटायला चार ते सहा तास द्या. कव्हरस्लिपखाली व्हॅक्यूम ग्रीसचा ठिपका लावला तर ती चित्रणात सरकत नाही.

१० पट ऑब्जेक्टिव्ह, फेज कॉन्ट्रास्ट, दर १० मिनिटांनी एक चित्र, १२ तास. ३टी३ साधारण २० तासांत दुप्पट होतात, त्यामुळे याहून लांब चित्रणात विभाजनाने माग तुटत राहतात. सूक्ष्मदर्शकावर कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर हेपीस घातलेलं किंवा एल-१५ मीडिया वापरा. बाष्पीभवन थांबवा: डिशच्या कडेने ओला टिश्यू ठेवा, किंवा मीडियावर पेशींना चालणाऱ्या खनिज तेलाचा थर द्या. मीडिया आटला तर क्षार वाढतात आणि पेशी मंदावतात, आणि तो आपल्याला जेलचाच परिणाम वाटतो.

माग काढणं आणि हिशोब

फिजी हे मोफत सॉफ्टवेअर आणि त्यातलं ट्रॅकमेट पुरेसं आहे. फेज कॉन्ट्रास्टमध्ये स्वयंचलित माग चुकतात, त्यामुळे पहिल्या खेपेला केंद्रकावर टिचकी देत हाताने माग काढा. कंटाळवाणं काम आहे, पण पेशी नेमकी कशी चालते हे याच वेळी डोळ्यांत बसतं. कुठल्या पेशी घ्यायच्या याचा नियम आधीच लिहून ठेवा: विभाजन होणारी, शेजारणीला टेकणारी किंवा चौकटीबाहेर जाणारी पेशी वगळायची. फाइलींची नावं झाकून माग काढले तर अधिक चांगलं. जेलवरच्या एखाद्या न हलणाऱ्या खुणेचाही माग काढा आणि तेवढं सरकणं सगळ्यांतून वजा करा.

वेग म्हणजे प्रत्येक टप्प्याच्या अंतराची सरासरी भागिले वेळ. हा आकडा चित्रांमधल्या अंतरावर अवलंबून असतो. दर मिनिटाला चित्र घेतलं तर टिचकीतला थरथराटही 'चाल' म्हणून मोजला जातो. तासाला एक घेतलं तर वळणं हरवतात. म्हणून दहा मिनिटांवर काढलेला वेग दुसऱ्याच्या वेगळ्या अंतरावरच्या वेगाशी ताडू नका. सरळपणासाठी निव्वळ अंतर भागिले एकूण अंतर हे गुणोत्तर सोपं आहे, पण माग लांबला की ते आपोआप घटतं. त्यापेक्षा विस्थापनाच्या वर्गाची सरासरी वेळेबरोबर कशी वाढते ते काढा आणि त्यावर फ्युर्थचं सूत्र (काही वेळ एक दिशा टिकवून मग भरकटणाऱ्या चालीचं) बसवा. त्यातून वेग आणि पेशी एक दिशा किती वेळ टिकवते ते, असे दोन्ही आकडे वेगळे मिळतात. मऊ आणि कडक जेलवर वेग सारखा पण दिशा टिकवण्याचा काळ वेगळा, असंही निघू शकतं, आणि नुसता वेग पाहणाऱ्याला ते कळणार नाही.

एका जेलवरच्या साठ पेशी म्हणजे साठ स्वतंत्र प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या ओतलेल्या जेलवर, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या डिशमध्ये पुन्हा लावलेल्या) पेशी असे किमान तीन प्रयोग करा आणि सांख्यिकी चाचणी त्या तीन सरासऱ्यांवर लावा. आलेखात सगळ्या पेशी ठिपक्यांनी दाखवा, पण कुठला ठिपका कुठल्या दिवसाचा हे रंगाने दिसू द्या.

नियंत्रणं

प्रथिन न लावलेल्या जेलवर पेशी चिकटता कामा नयेत. चिकटल्या तर जेलचा पृष्ठभाग अस्वच्छ आहे. कोलॅजेन लावलेली काच कायम सोबत ठेवा. आणि मायोसिनचं (पेशीला ओढ देणाऱ्या प्रथिनाचं) आकुंचन कमी करणारं वाय-२७६३२ हे द्रव्य १० मायक्रोमोलरला वापरून पाहा. पेशी ओढूनच जमिनीचा कडकपणा ओळखत असेल, तर ओढणं थांबल्यावर मऊ आणि कडक जेलवरच्या चालीतला फरक घटायला हवा. ब्लेबिस्टॅटिनही चालतं, पण ते निळ्या प्रकाशात निकामी होतं आणि पेशींना अपाय करतं, त्यामुळे फ्लुओरेसन्स चित्रणात टाळलेलं बरं.

आकडे उलटे आले तर

'कडक जमीन म्हणजे जास्त वेग' असा सरसकट नियम नाही. क्लॅरेन्स चॅन आणि डेव्हिड ऑड यांनी २००८ मध्ये मांडलेलं प्रारूप इथे उपयोगी पडतं. पेशीच्या आत अ‍ॅक्टिनचे धागे मायोसिनच्या ओढीने मागे सरकत असतात आणि इंटेग्रिनसारखी पेशीच्या पडद्यातली प्रथिनं क्लचप्रमाणे त्यांना जमिनीशी जोडतात. जमीन फार कडक असली तर ताण झटकन वाढतो, पुरेसे क्लच लागायच्या आतच ते सुटतात आणि धागे घसरत राहतात. फार मऊ असली तर ताण सावकाश भरतो आणि मग सगळे क्लच एकदम सुटतात. चांगली पकड मधल्या कडकपणाला मिळते, आणि ती मधली जागा पेशीगणिक बदलते. ऑडच्या गटाला कोंबडीच्या भ्रूणातल्या चेतापेशींसाठी ती सुमारे १ किलोपास्कलला आढळली, तर यू-२५१ या मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींसाठी १०० च्या आसपास. याच कर्करोग पेशी योग्य परिस्थितीत कडक बाजू सोडून मऊ बाजूकडे जातात, हेही २०२२ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे तुमच्या पेशी ८ किलोपास्कलला सर्वांत वेगवान निघाल्या आणि ४० ला मंदावल्या, तर प्रयोग फसला असं लगेच ठरवू नका. मध्ये आणखी दोन कडकपणा घालून वक्र कुठे वळतो ते पाहा.

सीमेचं जेल

एकसारख्या जेलांवरचे आकडे तीन खेपांना जुळले की सीमेकडे वळा. अ‍ॅक्रिलामाइडचं प्रमाण तेच ठेवून बिस कमी-जास्त असलेली दोन मिश्रणं करा, त्यातल्या एकातच फ्लुओरेसन्ट मणी घाला. न चिकटणाऱ्या काचेवर दोघांचे छोटे थेंब जवळजवळ ठेवून वरून कव्हरस्लिप हळूच टेकवा. थेंब एकमेकांना भिडतात आणि काही दशक मायक्रोमीटर रुंदीची सीमा तयार होते. मणी कुठे संपतात त्यावरून ती ओळखायची. लो यांच्या कामात दोन बाजू सुमारे १४ आणि ३० किलोपास्कलच्या होत्या, म्हणजे फार टोकाचा फरक लागत नाही. उलट खूप फरक असला तर एक बाजू जास्त फुगते आणि सीमेवर पायरी तयार होते. पेशी अशा पायरीच्या कडेने वळतात. रॉस हॅरिसन यांनी १९१४ सालीच कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंवर बेडकाच्या भ्रूणातल्या पेशी वाढवून त्या तंतूच्या दिशेने कशा लांबतात ते दाखवलं होतं. तेव्हा सीमेवरची उंची दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागावर फोकस करून तपासा, आणि पायरी दिसली तर ते जेल बाद करा.

मोजताना दोन्ही बाजूंनी सीमेवर आलेल्या पेशी वेगळ्या मोजा: किती ओलांडून गेल्या, किती वळल्या. कडक बाजूला शेवटी जास्त पेशी आढळल्या एवढ्यावर ड्युरोटॅक्सिस म्हणू नका. तिथे त्या जास्त चिकटल्या असतील किंवा लवकर विभागल्या असतील. शिवाय दोन्ही थेंब एकाच मिश्रणाचे, पण मणी एकातच, असं एक जेल सोबत चालवा. त्या सीमेवर पेशी वळायला लागल्या तर त्यांना अडवणारी गोष्ट मणी आहेत, कडकपणा नव्हे.